छायाचित्रण : यंत्र आणि दृष्टी

शासकीय समारंभांच्या बहुतेक छायाचित्रांत एकच दृश्य आढळते : फीत कापणारा हात, ओळीने उभे राहिलेले मान्यवर आणि त्यांच्या आड पूर्णतः झाकली गेलेली नवी पाण्याची टाकी. पंधरा-वीस वर्षांनी दप्तर उघडले जाते, तेव्हा मूळ काम कसे होते, हे त्यावरून समजत नाही. आज बहुतेक शिक्षकांच्या आणि पंचायत सदस्यांच्या हाती भ्रमणध्वनीतील कॅमेरा आहे. त्यामुळे छायाचित्रणाची मूलतत्त्वे जाणून घेणे ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही.

छायाचित्र ही प्रकाशाची नोंद होय. भिंगाचे छिद्र किती उघडले, शटर किती वेळ उघडे राहिले आणि फिल्म अथवा संवेदक किती संवेदनशील आहे, या तिन्हींवर ती अवलंबून असते. छिद्राचा आकडा मोठा असेल तर छिद्र लहान असते. नवशिके येथे हटकून गोंधळतात. जुन्या छायाचित्रकारांचा आडाखा असा : स्वच्छ उन्हात छिद्र एफ-१६ वर ठेवावे आणि संवेदनशीलता १०० असल्यास शटरला सेकंदाचा सुमारे १/१०० भाग द्यावा. छिद्र एक पायरी उघडून शटरचा वेळ निम्मा केला, तर प्रकाश तेवढाच राहतो. चित्र मात्र बदलते. मोठ्या छिद्राने पार्श्वभूमी धूसर होते, अल्प वेळाने धावणारे मूल स्थिर टिपले जाते. काय ठेवावे आणि काय पुसट करावे, ही निवड येथूनच सुरू होते.

भ्रमणध्वनी हा हिशेब स्वतःच करतो, पण तो सरासरीचा असतो. वर्गात खिडकीपुढे उभी असलेली विद्यार्थिनी काळवंडलेली दिसते, ती त्यामुळेच. पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे. किंवा, त्याहून सोपे, खिडकी आपल्या पाठीशी घ्यावी. भर दुपारचे ऊन चेहऱ्यांना मारक असते. सकाळचा तिरपा प्रकाश बांधाचा उतार आणि दगडांचा पोत उठावदार करतो. डोंगरउतारावरील समतल चर माथ्यावरच्या उन्हात ओळखूही येत नाहीत.

दृष्टी मात्र यंत्रासोबत मिळत नाही. श्रीमती होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात झाले. १९४२ मध्ये दिल्लीला गेल्यावर त्यांनी अनेक वर्षे राजकीय समारंभच टिपले. तरीही ‘छायाचित्रण सक्त मना’ अशा फलकाशेजारी उभे असलेले पंडित नेहरू त्यांच्याच कॅमेऱ्यात आले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. समारंभाच्या चौकटीतही माणूस शोधता येतो, हे त्यांच्या कामातून दिसते.

यासाठी परदेशी भिंगे नकोत. आठवडी बाजार किंवा शाळेचा परिपाठ असा एकच विषय घेऊन वर्षभर दरमहा छायाचित्रे काढावीत आणि बाराही महिन्यांची चित्रे शेजारी मांडावीत. आपण वारंवार कोणाकडे वळतो, कोणाला टाळतो, हे आपोआप उघड होते. ग्रामसभेच्या चित्रांत मागे बसलेल्या स्त्रिया किती वेळा आल्या, एवढे मोजले तरी पुरे.

विकासकामाची चित्रे आरंभी, मध्ये आणि अखेरीस एकाच जागेवरून घ्यावीत. खाली दिनांक, ठिकाण आणि दिशा नोंदवावी. व्यक्तीचे चित्र तिच्या संमतीनेच घ्यावे. धान्य स्वीकारणाऱ्या वृद्धेला कॅमेऱ्यासाठी पुन्हा हात पुढे करावयास लावण्याची जी रीत पडली आहे, ती प्रस्तुत लेखकास अशोभनीय वाटते. ती धान्य घेऊन घरी निघाली असता, तिला विचारून घेतलेले चित्र दप्तरात अधिक शोभेल.