मे महिन्यातलं थंडीचं काम

पहाटे ५.२०
मेढ्याच्या पुढे, केळघर घाटाच्या पायथ्याला जीप उभी आहे. टपावर शिडी, परांचीचे चार बांबू, दोराचं वेटोळं. आत पाच माणसं. मामा, त्यांचा भाचा, दोघी बाया आणि नुकतीच बारावीची परीक्षा देऊन बसलेला एक पोरगा. मामांना नाव आहे, पण घाटावरच्या बंगल्यांत कुणाला ते माहीत नसावं. साठी कधीच ओलांडली. पायात चप्पल नाही, ती पिशवीत आहे.

जीपचं भाडं माणशी पन्नास, परतीचे पन्नास वेगळे. टपावरच्या सामानाचे जीपवाला आणखी पन्नास मागतो. मामा रोज कुरकुर करतात आणि रोज देतात.

सकाळी ६.४०
महाबळेश्वर. पर्यटक अजून झोपलेत. बाजारपेठेत चहावाला आणि म्युनिसिपालटीचे झाडूवाले, एवढेच. काही दुकानांच्या माथ्यावर निळे प्लॅस्टिकचे कागद गुंडाळून तयार ठेवलेत. हंगाम संपला की ते खाली सोडायचे. इथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. याच सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे. तिथे पाचशे पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात.

चहा दहा रुपये. चहा आणि दोन क्रीमरोल. हे पैसे मामांच्या खिशातून. बाया चहा घेत नाहीत, मिश्री लावतात.

सकाळी ७.१५
घर बाजारापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे लाकडी खांबांचा व्हरांडा, आतल्या खोल्यांना तक्तपोशी. मालक पुण्याला. घर पाहतो तो रखवालदार, बायकोसह मागच्या खोलीत राहतो.

काम तीन प्रकारचं आहे. कौलं चाळायची, पश्चिमेच्या भिंतीवरचा फुगलेला गिलावा काढायचा आणि त्याच भिंतीला गवताची झडी बांधायची. पहिली दोन कामं आज, झडी आज निम्मी आणि उरलेली उद्या.

मामा आधी घराला एक फेरी मारतात. हातात छोटी हातोडी. भिंतीवर ठोकत चालतात. टण्ण, टण्ण, टण्ण, मग एकदम ठप्प. तिथे कोळशाने फुली मारतात. पश्चिमेच्या भिंतीवर सतरा फुल्या होतात. पूर्वेला एकही नाही.

सकाळी ७.४५
भाचा शिडीने वर जातो. अनवाणी. पाय कौलावर सपाट टेकत नाही, खाली जिथे वासा आहे तिथेच तो पडतो. वासा कुठे आहे हे वरून दिसत नाही. विचारलं तर हसतो, "पायाला कळतंय."

वळचणीपासून सुरुवात. कौल उचलायचं, मागची पालापाचोळ्याची घाण झाडायची, शेवाळ खरवडायचं, तडा बघायचा, परत बसवायचं. वरच्या कौलाने खालच्याला दाबलं पाहिजे आणि शेजारच्याच्या खाचेत खाच बसली पाहिजे. तडा गेलेलं कौल तो बाजूला ठेवतो. खाली टाकत नाही. तुकडा असला तरी आढ्यावरच्या कोन्यांखाली भरायला लागतो.

तडे बहुतेक माकडांचे. टोळी आली की छपरावरूनच जाते.

एक कौल पोरगा माझ्याकडे आणून देतो. पाठीवर बासेल मिशनची उठावाची अक्षरं आणि १८६५. कौल तितकं जुनं असेलच असं नाही. मंगळूरला मिशनने कौलांचा कारखाना काढला ते हे साल, आणि पुढे वर्षानुवर्षं ते कौलांवर छापत राहिले. तरीही आजी-पणजीच्या वयाचं कौल हातात धरलं की वजन कळतं. नवं कौल बाजारात तीस-पस्तीस रुपयांना मिळतं. ते हलकं असतं आणि जुन्याच्या खाचेत नीट बसत नाही. म्हणून मामा पाडकामाची जुनी कौलं विकत घेऊन गावाकडे रचून ठेवतात. त्यातली चाळीस इथे आणलीत. दुपारपर्यंत एकतीस लागतात.

सकाळी ९.३०
पोरगा छिन्नी-हातोडी घेऊन फुल्यांवर बसलाय. गिलावा सिमेंटचा आहे. मालकाने काही वर्षांपूर्वी करून घेतला. जुना चुन्याचा उखडत होता म्हणून. सिमेंटवर चांगला महागाचा रंगही दिला.

गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा निघतो. मागचा जांभा काळपट. मामा बोट लावायला सांगतात. ओला आहे. मे संपत आला, ऊन कडक आहे, आणि सिमेंटमागचा दगड गार आणि ओला. दगडाच्या सांध्यात पांढरी भुकटी साचलीय. ती लोणा. पाणी जमिनीतून वर चढतं, पावसात बाहेरून आत शिरतं, आणि जाताना क्षार मागे ठेवून जातं. चुन्याच्या गिलाव्यातून ते सावकाश का होईना बाहेर पडतं. सिमेंट वाट देत नाही. मग पाणी आतच फिरतं आणि आतल्या खोलीच्या भिंतीवर पोपडे धरतं.

"थंडीत या खोलीत कोण झोपतं?" मामा रखवालदाराला विचारतात.

"कोण झोपणार मामा? बाहेर बरं वाटतंय याच्यापरीस."

डिसेंबर-जानेवारीत इथे वेण्णा तलावाकाठी पहाटे दव गोठतं. गाड्यांच्या टपावर, गवतावर पांढरा थर दिसतो. पर्यटक फोटो काढतात. त्याच पहाटे या पश्चिमेच्या खोलीत शेगडी पेटवली तरी भिंत तापत नाही. ओल्या भिंतीतून ऊब कोरड्या भिंतीपेक्षा लवकर निघून जाते. मामांचं म्हणणं असं की थंडीचं काम थंडीत करायचं नसतं. "भिताड आत्ता कोरडं ठिवलं तर तवा ऊब धरंल. न्हायतर किती लाकडं जाळा."

सकाळी ११.१०
मालकाचा फोन. रखवालदार स्पीकरवर लावतो.

मालकाला दोन गोष्टी हव्यात. एक, काढलेल्या जागी लगेच नवा गिलावा. दुसरी, तक्तपोशीच्या वर, कौलांच्या खाली फोमचे तक्ते बसवायचे का. कुणीतरी त्याला सांगितलंय की त्याने खोल्या थंडीत उबदार राहतात.

मामा फोनवर मोठ्याने बोलतात. "सायेब, गिलावा आता न्हाय. पंधरा दिसांत पाऊस लागंल. भिंत ओली, चुना कच्चा, दोनी वाया. उघडीच ठिऊ, पुढं झडी हायच. दिवाळीनंतर चुना मारू."

पलीकडून शांतता. भिंत सहा महिने उघडी राहणार हे मालकाला आवडलेलं नाही. मग फोमचं.

"फोम लावा की. पन मग कौल गळलं तर कळनार कसं? आता तक्त्यावर डाग पडतोय, आमाला दिसतंय. फोमखाली वासा कुजंल आणि तुमाला तो पडल्यावरच दिसंल."

फोम वाईट असतो असं नाही. कोरड्या थंडीच्या मुलखात त्याचा उपयोग चांगला होतो. लेहला वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे तेवढा एका दुपारीही होतो. कौलांच्या फटींतून आत येणाऱ्या वाऱ्याने वासे वाळतात, आणि त्याच वाऱ्याने थंडीत खोली गार होते. दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं म्हणजे फट बंद करायची नाही आणि तक्तपोशी मात्र घट्ट ठेवायची. मामांनी आधीच तीन सुटलेल्या पाट्या ठोकून दिल्यात. त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.

मालक म्हणतो, बघू नंतर. फोन बंद.

दुपारी १२.४५
जेवण. भाकरी, वाटाण्याची सुकी भाजी, ठेचा, कांदा. रखवालदाराची बायको ताक आणून देते. पोरग्याच्या हाताला फोड आलाय. धाकटी बाई त्यावर हळद लावून चिंधी बांधते.

थोरली बाई थंडीत स्ट्रॉबेरी तोडायला येते. सप्टेंबरपासून लागवड, मग तोडणी, मग पॅकिंग. उन्हाळ्यात झडीचं काम. पावसाळ्यात गावाला भात. बाराही महिने हात ओले, असं तीच म्हणते आणि तळवे दाखवते. करंगळीच्या बाजूला चिरा.

दुपारी १.३०
झडी. या दिवसातलं मला सगळ्यात जास्त बघायचं होतं ते हे.

गवत दोन दिवसांपूर्वीच टेम्पोने आलंय. डोंगरउतारावरचं, माणसाच्या खांद्याइतकं उंच, पाऊस सरल्यावर वाळलं की कापलेलं आणि तेव्हापासून माळ्यावर ठेवलेलं. ओल्यात कापलेलं गवत कुजतं. गुरांनाही हेच लागतं, त्यामुळे भाव दरवर्षी वर. या घराला गवताचे नऊ हजार झाले, टेम्पोचे अठराशे वेगळे. बांबू मागच्या वर्षीचे चालले, फक्त सहा नवे घेतले.

आधी भिंतीपासून वीतभर अंतर सोडून बांबू उभे करायचे. वर वळचणीला बांधायचे, खाली जमिनीत रोवायचे. मग आडव्या कांबी. बाया भारे सोडतात, गवत झाडून सरळ करतात, हाताच्या मुठीएवढ्या पेंढ्या करतात. बुडखा वर, शेंडा खाली. खालची ओळ आधी लागते. तिच्यावर वरच्या ओळीचे शेंडे हातभर उतरतात. पुढून दुसरी कांब दाबायची आणि सुतळीने दोन्ही कांबी आवळायच्या. सुतळी आतून बाहेर काढायला एक माणूस भिंत आणि झडीच्या मधल्या वीतभर जागेत हात घालून उभा. ते काम पोरग्याचं. दर गाठीला बाहेरून मामा म्हणतात, "वड." तो ओढतो.

झडीमागे हवा खेळते. पाऊस गवतावरून खाली जातो, भिंतीला लागत नाही. शेजारच्या हॉटेलने पूर्ण बाजूला प्लॅस्टिकचा कागद लावलाय. स्वस्त पडतो, दोन माणसं अर्ध्या दिवसात लावतात. मामा त्याला नावं ठेवत नाहीत, तेही कागद लावतात, त्याची मजुरी घेतात. फक्त एवढं म्हणतात की कागदाला आतून घाम येतो.

दुपारी ३.४०
वळीव. आधी वारा, मग टपोरे थेंब. भाचा छपरावरून खाली येतो, पण घाईने नाही. ओल्या कौलावर घाई करणाऱ्यांची हाडं मोडलेली त्याने पाहिलीत. सगळे व्हरांड्यात.

पंचवीस मिनिटं पाऊस. मामा आत जाऊन प्रत्येक खोलीत तक्तपोशीकडे बघत उभे राहतात. स्वयंपाकघरात एका जागी थेंब. कोपरा, आढ्याच्या जवळ. ते कोळशाने जमिनीवर फुली मारतात आणि वर बघून अंदाज घेतात. "कोना. चुना सुटलाय."

याच स्वयंपाकघरात पूर्वी चूल होती. धूर कौलांतून जायचा, वासे काळे पण सुके राहायचे, वाळवी फिरकत नसे. आता गॅस. वाशांवर पांढरी बुरशी. रखवालदार पावसात आठवड्यातून एकदा शेगडी पेटवून खोल्यांमधून फिरवतो. त्याचा कोळसा मालक देतो, पण मागावा लागतो.

दुपारी ४.२०
पाऊस थांबलाय. भिजवलेला चुना मामांनी गावाहून डब्यात आणलाय, वर पाण्याचा थर. एकाला तीन वाळू, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. प्रमाण विचारलं तर ते बोटं दाखवतात, मग हसून म्हणतात की ते वाळूवर आहे. थापीवर घेतलेला चुना उलटा धरतात. पडला नाही तर झाला. सुटलेले चार कोने उचलून, खाली कौलांचे तुकडे भरून, भाचा नव्याने बसवतो. वर गोणपाट टाकतो, उन्हाने चटकन वाळू नये म्हणून.

संध्याकाळी ५.४५
पश्चिमेच्या भिंतीचा निम्मा भाग गवताखाली गेलाय. उरलेल्या निम्म्यावर उघडा जांभा, लाल-काळा, मध्ये मध्ये जुना रंग. दिसायला वाईटच.

हजेरी. मामा स्वतःचे हजार धरतात, भाच्याचे नऊशे. पोरग्याला सहाशे, त्याची ही पहिली कमाई नाही. बायांना पाचशे-पाचशे. गवताचे सगळे भारे अंगणातून भिंतीपर्यंत त्यांनीच वाहिले. एकूण साडेतीन हजार, मालक ते रखवालदाराच्या फोनवर पाठवतो आणि रखवालदार एटीएममधून काढून आणायला बाजारात जातो. तोवर सगळे पायरीवर बसतात. भाड्याचे साडेपाचशे मामा मालकाकडे मागत नाहीत, हजेरीतूनच कापतात. ते पाच जणांवर वाटले जातात.

जीप सातला आहे. उद्या पुन्हा हेच घर, परवा पाचगणीच्या रस्त्यावरचं एक, त्यानंतरची तीन घरं मामांनी आजच फोनवर नाकारली. तुमचं घर जांभ्याचं आणि कौलारू असेल, भिंत पश्चिमेची असेल, तर झडीवाल्याला एप्रिलमध्येच सांगून ठेवा. मेच्या शेवटी तो मिळत नाही.