बेचैन करायचं, पण कुणाला?

पोकर म्हटलं की काळा चष्मा, रोखलेली नजर आणि चिप्सशी चाळा करणारी बोटं आठवतात. समोरच्याला बेचैन करणं म्हणजे त्याच्यावर धाक बसवणं, ही समजूत त्यातूनच आली. जानेवारी २०१७मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत तिला धक्का बसला. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या तुओमास सँडहोम आणि नोअम ब्राउन यांनी घडवलेला ‘लिब्राटस’ हा प्रोग्रॅम तिथे चार नामवंत व्यावसायिक खेळाडूंशी एकास एक टेक्सस होल्डेम खेळला. २० दिवसांत १,२०,००० डाव झाले आणि लिब्राटस १७ लाख डॉलरहून अधिक किमतीच्या चिप्सनी पुढे राहिला. पत्ते म्हणजे नशीब, असं कुणी म्हणेल. पण त्याचीही सोय केली होती. एका खेळाडूला आलेली पानं दुसऱ्या टेबलावर यंत्राकडे जात आणि यंत्राची पानं तिथल्या खेळाडूकडे. यंत्राला ना चेहरा ना नजर, तरी मुरलेले खेळाडू त्याच्यापुढे अडखळले. मग बेचैनी येते कुठून?

ती येते रकमेतून. होल्डेममध्ये प्रत्येकाकडे दोन झाकलेली पानं असतात, मधली पाच सगळ्यांची. शेवटचं पान उघडलं आहे, पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या रकमेत, १०० रुपये आहेत आणि समोरच्याने आणखी १०० लावले, असं समजा. तुमची पानं मध्यम आहेत : त्याची थाप असेल तर जिंकतील, खरी पानं असतील तर हरतील. २०० मिळवण्यासाठी तुम्हाला १०० घालायचे आहेत, म्हणजे तिनांतून एकदा तुमचा अंदाज बरोबर ठरला तरी हिशेब जुळतो. आता त्याने थापांचं प्रमाण बरोबर एक तृतीयांश ठेवलं, तर कॉल केला, म्हणजे तेवढीच रक्कम घातली काय, आणि पानं टाकून डाव सोडला काय, तुमच्या पदरी सारखंच पडतं. त्याने १००ऐवजी २०० लावले तर तुम्हाला ४० टक्के वेळा बरोबर ठरावं लागतं, आणि त्यालाही शंभरातल्या चाळीस बेटांत थाप मारण्याची मुभा मिळते. लिब्राटसने नेमकं हेच केलं. पॉट लहान असतानाही तो कधी कधी त्याच्या कितीतरी पट रक्कम लावायचा. मुरलेल्या खेळाडूंची सवय पॉटच्या आसपासच्या रकमांची. एवढ्या मोठ्या रकमांसाठी त्यांच्याकडे तयार उत्तर नव्हतं. तीन पत्तीतही पानं न बघता ब्लाइंड खेळणारा बघून खेळणाऱ्याला दुप्पट चाल भरायला लावतो. तिथेही दबाव नियमातून येतो, आवाजातून नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लिब्राटस समोरच्याप्रमाणे खेळ बदलत नव्हता. तो शक्य तितका समतोल, म्हणजे समोरच्याला फायदा उठवता येऊ नये असा खेळ खेळत होता, आणि खेळाडूंनी दिवसा ज्या फटींत बोट घातलं त्या रात्री बुजवत होता. मग माणसाने तरी भिडूनुसार डावपेच का बदलावेत? कारण समतोल खेळ, तोही दोघांच्या सामन्यात, तुम्हाला हरण्यापासून वाचवतो. समोरच्याच्या चुकीची पुरेपूर किंमत तो वसूल करत नाही. जो भिडू मोठी रक्कम दिसली की पानं टाकतो, त्याच्यासमोर थापा वाढवल्या तर तो बेचैन होतो आणि नफा वाढतो. उलट जो प्रत्येक बेटला कॉल करतो, त्याच्यावर थापा मारणं म्हणजे पैसे उधळणं. त्याला निवांत राहू द्यावं, थापा बंद कराव्यात आणि चांगली पानं आली की रक्कम वाढवावी. त्याचा निवांतपणाच त्याला महाग पडतो. म्हणजे अस्वस्थता हे साधन आहे, ध्येय नव्हे. सरसकट आक्रमक खेळणारे इथेच गफलत करतात.

दुसरा आक्षेप असा की समोरचाही शहाणा होतो. होतोच. थापा वाढवल्या की तो जास्त कॉल करू लागेल, आणि त्या क्षणी तुमची कालची युक्ती आजचं भोक ठरेल. म्हणून समतोलापासून किती दूर जायचं, हे पुराव्यावर ठरवायला हवं. दोन-चार डावांवरून माणूस ओळखल्याचा आव आणणारा बहुधा स्वतःच फसतो. पुरावा तोकडा असेल तेव्हा समतोलाजवळ राहावं, सवय पुन्हा पुन्हा दिसली की तिच्याकडे झुकावं, आणि ती बदलताच परत फिरावं. टोमणे मारून किंवा मुद्दाम वेळ काढून समोरच्याला सतावणाऱ्यांना यातलं काहीच साधत नाही. चिडलेला माणूस चुकतो खरा, पण कोणत्या बाजूला चुकेल हे सांगता येत नाही. रकमेने घातलेला पेच मात्र आधी मोजता येतो. त्यामुळे डावपेच बदलण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एकच : या भिडूची सवय आत्ता कुणाला महाग पडते आहे, त्याला की मला? उत्तर ‘त्याला’ असेल तर त्याची बैठक मोडू नये. ‘मला’ असेल तरच त्याला बेचैन करण्यात अर्थ आहे.