आपल्या माणसाचे गाणे आणि आपले तिकीट



समजा, आपल्या नांदेडच्या किंवा लातूरच्या एका गवयाचे नाव मुंबई-पुण्यापर्यंत पोचले आहे. एके दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद लागतो की, बुवा आपल्या गावी गाणार आहेत, बिदागी घेणार नाहीत आणि सारे उत्पन्न शाळेच्या नव्या खोलीला जाणार आहे. कागद वाचून आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते? "अहो, तो तर आपलाच की! त्याच्या गाण्याला तिकीट कशाला? दोन पास सांगून ठेवा."

आज या पासाविषयीच चार गोष्टी बोलायच्या आहेत.

गाण्या-बजावण्याच्या ठिकाणी पैसा द्यायची रीत आपल्याला नवी नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फडावर दौलतजादा होतो, तो पैसा कलावंताचा. सप्ताहात आरतीचे ताट फिरते, त्यातला पैसा देवाच्या कामाचा. मदतीच्या कार्यक्रमाची रीत मात्र तिसरी आहे. इथे गाणारा एक, ऐकणारा दुसरा आणि पैसा जातो तिसऱ्याकडेच. तो तिसरा बहुधा मांडवात नसतोही. शाळेतली पोरे घरी झोपलेली असतात, नाहीतर कुणी आजारी माणूस दवाखान्यात पडून असतो. त्याच्या वतीने तिथे बोलायला कोणी नसते. म्हणून या पैशाची काळजी जास्त घ्यावी लागते.

या रीतीचे आपल्याकडचे नामांकित उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. लोकमान्य टिळक १९२० साली गेले. त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड उभा राहिला आणि देशातून एक कोटी रुपये जमवायचे ठरले. त्या वेळी मराठी रंगभूमीवर दोन गाते नट शिखरावर होते. एक गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि दुसरे ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोघांच्या मंडळ्या वेगळ्या, चाहते वेगळे, आणि चाहत्यांची चुरस मोठी. पण फंडासाठी दोघे एका रंगमंचावर उभे राहिले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईला ग्रँट रोडवरच्या बालीवाला थिएटरात खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर. उत्पन्न सोळा हजारांच्या घरात गेले. त्या काळचे सोळा हजार, बरं का! पुढे तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे एकतीस होते.

आता यातले मर्म पाहा. दोघा नटांनी आपले गाणे दिले. पण नुसत्या गाण्याने फंडाच्या पेटीत एक पैही पडली नसती. ती भरली तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांनी.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर १९८३ सालचे घ्या. भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, पण खेळाडूंना बक्षीस द्यायला मंडळाकडे पुरेसा पैसा नव्हता. लता मंगेशकर दिल्लीला मानधन न घेता गायल्या आणि त्या उत्पन्नातून एकेका खेळाडूला एक-एक लाख रुपये मिळाले. गायिकेने गळा दिला आणि श्रोत्यांनी तिकिटाचे पैसे दिले. या रीतीत दोन्ही हात लागतात.

आता आपण म्हणाल, "शे-दीडशे पास वाटले तर असे काय बिघडते?" बिघडते ते हिशेब मांडल्यावर दिसते. गुरुजी, हे गणित वर्गात फळ्यावर घालण्याजोगे आहे.

समजा, मांडवात पाचशे खुर्च्या आहेत आणि तिकीट शंभर रुपये. शंभर पास वाटले आणि चारशे तिकिटे खपली. जमा झाले चाळीस हजार. खर्च असा धरा: मांडव आणि रंगमंच आठ हजार, ध्वनिक्षेपक सहा हजार, साथीदारांचे मानधन नऊ हजार, येणे-जाणे व जेवण तीन हजार, छपाई दोन हजार. एकूण अठ्ठावीस हजार. शाळेसाठी उरले बारा हजार. आता त्या शंभर जणांनीही तिकीट काढले असते तर? मांडव तोच, तबलजी तोच, खर्चही तोच. जमा मात्र पन्नास हजार आणि उरते बावीस हजार. म्हणजे पाचशेतल्या शंभर पासांनी शाळेचे जवळजवळ निम्मे पैसे खाल्ले! पास फुकट नसतो, मंडळी. त्याची किंमत त्या गैरहजर तिसऱ्याने भरलेली असते.

साथीदारांना मानधन कशाला, असेही कोणी विचारील. मुख्य गवई नामांकित असतो, एक दिवस बिदागी सोडणे त्याला झेपते. तबलजी, पेटीवाला आणि तानपुऱ्यावर बसलेला पोरगा यांची चूल मात्र त्या रात्रीच्या मिळकतीवर असते. त्यांनी आपण होऊन सोडले तर मोठेपणा त्यांचा. आपण गृहीत धरू नये.

आता त्या 'आपला' या शब्दाकडे येऊ. नांदेडचे पंडित नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) यांचे उदाहरण घ्या. अण्णासाहेब गुंजकरांकडे ते शिकले, पुढे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांनी पिढ्या शिकवल्या आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला. अशा माणसाच्या गाण्यात मातीचा, गुरूचा आणि पहिल्या श्रोत्यांचा वाटा असतोच. म्हणून तर कलावंत गावच्या हाकेला ओ देतो. तो आपल्या परीने ऋण फेडत असतो. मग 'आपला' म्हणून फुकट ऐकण्याचा हक्क आपल्याला कसा पोचतो? आपला आहे म्हणूनच तिकीट आधी काढावे. ज्याला शंभर परवडत नाहीत त्याच्यासाठी दहा-वीस रुपयांची जागा ठेवावी, पण ठेवावी उघडपणे.

मी एका कार्यक्रमाला गेलो होतो. पुढच्या दोन रांगा पासवाल्यांच्या. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मागे पैसे भरलेली मंडळी उभी. गवयाने डोळे उघडून समोर पाहिले ते रिकाम्या खुर्च्यांकडे. मला शरम वाटली.

शेवटची गोष्ट हिशेबाची. नोंदणी नसलेल्या मंडळाने सत्कार्यासाठी लोकांकडून पैसा गोळा करायचा तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी काढावी लागते. ती आधी काढा. तिकिटांवर क्रमांक घाला. दोन-तीन जणांसमोर पैसे मोजा. आणि आठ दिवसांच्या आत जमा, खर्च व शिल्लक ज्या भिंतीवर जाहिरात लावली त्याच भिंतीवर लावा. आपण लातूर-धाराशिवकडची माणसे १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट विसरलेलो नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर देशभरच्या अनोळखी माणसांनी आपल्यासाठी हात पुढे केला. देणाऱ्याने विश्वासाने दिलेला रुपया घेणाऱ्यापर्यंत पुरा पोचणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तेव्हा पुढच्या वेळी भिंतीवर असा कागद दिसला तर दोन प्रश्न विचारा: तिकीट कुठे मिळते, आणि हिशेब कधी लागेल? मग खुशाल पुढे बसा आणि समेवर मनमोकळी दाद द्या. भैरवी झाली की गवयाचे काम संपते. आपले संपते ते भिंतीवर हिशेब लागल्यावर.

बरंय, रामराम.