आउटलुक पासवर्डच मागत बसलंय

भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. इथे मेल बंद म्हणजे पीओ बंद, ड्रॉइंग बंद. त्यामुळे फोन थेट मालकाचाच येतो, "भाऊ, आउटलुक पासवर्डच मागत बसलंय, या जरा." मी पोचेपर्यंत अकाउंट्सच्या मॅडमनी तोच पासवर्ड इतक्यांदा टाकलेला असतो, की सर्व्हरने खातंच काही वेळापुरतं लॉक केलेलं असतं.

मी आधी आउटलुकला हात लावत नाही. ब्राउझर उघडतो आणि वेबमेलवर तोच पत्ता, तोच पासवर्ड टाकून बघतो. आत गेलो, तर पासवर्डही ठीक आणि सर्व्हरही ठीक. घोळ या मशीनवरच आहे. तिथेही अडलं तर पहिल्यांदा स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघायची. मदरबोर्डवरचा सेल संपला की मशीन भलत्याच वर्षात सुरू होतं, आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याला खोटं वाटतं. तारीख बरोबर असेल, तर होस्टिंगवाल्याला फोन. बऱ्याचदा डोमेनचे पैसेच भरायचे राहिलेले असतात, कारण रिन्यूअलची आठवण गेलेली असते नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर!

मग विचारायचं, मेल येत नाही की जात नाही? दोन्हींचे रस्ते वेगळे. येणारा मेल आयमॅपने आला तर 993 पोर्टवरून, पॉपने आला तर 995 वरून. जाणारा 587 किंवा 465 वरून. कोणीतरी जुन्या सवयीने 25 टाकून ठेवतं, आणि स्पॅममुळे तो पोर्ट बरेच इंटरनेटवाले बंदच ठेवतात. मेल येतात पण बाहेर जात नाहीत, 'रिले' शब्द असलेली 550 नंबरची एरर येते, तेव्हा आउटगोइंग सर्व्हरच्या ऑथेंटिकेशनची टिक बघा. युजरनेममध्येही नुसतं 'परचेस' चालत नाही, बहुतेक ठिकाणी अख्खा पत्ता लागतो.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो बरोबर असूनही नाकारला जाणारा पासवर्ड. गूगलने मे 2022 अखेरपासून नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला जीमेलमध्ये घेणं थांबवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनेही ऑक्टोबर 2022 पासून कंपन्यांच्या ऑनलाइन खात्यांवर तेच केलं. त्याऐवजी आलेली साइन-इनची नवी पद्धत जुन्या आउटलुकला कळतच नाही. ते बिचारं पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतं. जीमेल असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून 16 अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा आणि तोच आउटलुकमध्ये टाकावा. मायक्रोसॉफ्टच्या खात्याला मात्र आउटलुकच नवं घ्यावं लागतं. मालकांना हा खर्च पटत नाही, पण त्याला इलाज नाही.

'अकाउंट डिलीट करून नव्याने टाका' हा सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो. पॉपवर वर्षानुवर्षांचे मेल याच मशीनवरच्या पीएसटी फाइलमध्ये असतात, सर्व्हरवर बहुधा नसतात. अकाउंट काढलं की ती फाइल नजरेआड होते, आणि नंतर कोणी फॉरमॅट मारला की कायमची जाते. आधी तिची कॉपी घ्या.

आणि फोनवर नुसतं 'मेल चालत नाही' म्हणू नका, एररचा फोटो पाठवा. आउटलुकच्या लांबलचक कोडच्या शेवटी 0ई असेल, तर सर्व्हरशी गाठच पडलेली नाही. 92 असेल, तर गाठ पडली, पण नाव किंवा पासवर्ड नाकारला गेला. पासवर्ड मात्र व्हॉट्सॲपवर पाठवू नका. मी आल्यावर तो तुमचा तुम्हीच टाका.