दातांना घाई नसते

दातांवर आमच्या मराठी भाषेचा विशेष लोभ आहे. आम्ही दुसऱ्याचे दात त्याच्याच घशात घालतो, एखाद्यावर दात ठेवतो, दातांच्या कण्या होईपर्यंत कुणाची मनधरणी करतो आणि शेवटी दात दाखवून अवलक्षण करून घेतो. हे वाक्प्रचार वर्गात शिकवताना मी कधी अडखळले नाही. पण गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या चौदा वर्षांच्या कन्येने आरशासमोर उभे राहून, "आई, मी आता शाळेत हसणार नाही," असे जाहीर केले, तेव्हा माझी वाचाच बसली.

तिचे वरचे दोन्ही सुळे रांग सोडून उंचावरून डोकावत होते आणि पुढचे दात दाटीवाटीने एकमेकांच्या अंगावर आले होते. शाळेत कुणीतरी काही बोलले असावे. हसू आले की हात तोंडावर जाऊ लागला. मला हे दृश्य नवीन नव्हते. आमच्या सासूबाईंचे दात असेच. त्यांच्या एकूण एक फोटोंत पदर तोंडाशी आहे, आणि आम्ही सारे इतकी वर्षे त्याला लाजणे समजत आलो! नातीचा हात तोंडावर गेलेला पाहून त्याच म्हणाल्या, "हिला आधी दाताच्या डॉक्टरकडे ने. माझे झाले ते झाले."

निघालो. पहिल्या दवाखान्यात तारा बसवाव्या लागतील, दीड-दोन वर्षे लागतील, असे कळले. कन्येचा चेहरा उतरला. डिसेंबरमध्ये शाळेचे स्नेहसंमेलन होते आणि नाटकात तिला मोठे काम मिळाले होते. तिची ही अवस्था पाहून टेबलामागच्या गृहस्थांनी एक रंगीत पत्रक पुढे सरकवले. रोज काही मिनिटे एक उपकरण तोंडात धरायचे, त्यातून हिरड्यांवर प्रकाश पडतो, आणि दात निम्म्या वेळात जागेवर! किंमत ऐकून माझ्या पगाराला घेरी आली. पण कन्या म्हणाली, "आई, डिसेंबरपर्यंत होईल!" त्या डोळ्यांपुढे "परवडत नाही" हा शब्द उच्चारणे कोणत्या आईला जमेल?

घरी रात्रभर हिशेब झाले. सकाळी यजमान म्हणाले, "पैसे उभे करू, पण आधी दुसऱ्या कुणाला तरी विचार." म्हणून एका वयस्क डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. त्यांनी पत्रक वाचले, बाजूला ठेवले आणि मलाच प्रश्न केला, "बाई, दात सरकतो कसा, ठाऊक आहे का?"

मला वाटत होते, भिंतीतला खिळा ओढावा तसा तारेने दात ओढला जातो. तसे नाही. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर असते. त्या अस्तरात दात जणू झोळीत टांगलेला असतो. तारेचा हलका दाब आला की एका बाजूचे तंतू दबतात, दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. दबलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात, ताणलेल्या बाजूला नवे हाड घडवणाऱ्या. पुढची भिंत पाडायची आणि मागची बांधायची, असे हे घर पुढे सरकते. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. उपदाढ काढून केलेली सात मिलिमीटरची जागा भरून यायला सहा-सात महिने लागतात ते यामुळे.

"मग तार अधिक आवळली तर?" मी विचारले.

"तर उलटे होते," बाई म्हणाल्या. "दाब फार झाला की त्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या चिरडतात, पेशी मरतात, आणि तो मृत भाग साफ होईपर्यंत दात जागचा हलत नाही. कधी कधी मुळाची टोकेही झिजतात. तार ओढत नाही हो. तार विनंती करते. वाट द्यायची ती हाडाने."

आता प्रकाशाकडे वळू. प्रकाशाने रोग बरा करण्याची कल्पना थोतांड नव्हे. त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशकिरणांनी उपचार करणारे डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला, आणि काही वर्षांतच, १९६७ च्या सुमारास, बुडापेस्टच्या डॉ. एन्द्रे मेश्टर यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे मंद लेसरचा झोत टाकला. त्याने काही अपाय होतो का, हे त्यांना पाहायचे होते. झाले भलतेच. प्रकाश मिळालेल्या उंदरांचे केस लवकर उगवले! मंद प्रकाशाने पेशी चेतवण्याच्या उपचाराची सुरुवात इथून झाली.

दातांसाठी वापरतात तो प्रकाश तांबडा, किंवा तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. कित्येक उपकरणांत तो ८५० नॅनोमीटरच्या आसपास असतो. हा प्रकाश हिरडीतून थोडा आत पोचतो. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी जी सूक्ष्म केंद्रे असतात, त्यांतले एक विकर तो शोषून घेते आणि ऊर्जेचे उत्पादन वाढते, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. हाड पाडणाऱ्या आणि बांधणाऱ्या गवंड्यांना अधिक शिधा मिळाला तर काम लवकर उरकेल, असा त्यामागचा हिशेब.

हिशेब सुरेख आहे. पण माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात? काही चाचण्यांत प्रकाश दिलेला दात थोडा लवकर सरकला, काहींत फरक दिसला नाही. कुणी लेसर वापरला, कुणी साधे दिवे. कुणी रोज, कुणी महिन्यातून एकदा. शिवाय या प्रकाशाचे औषधासारखेच आहे. कमी पडला तर गुण नाही, जास्त झाला तर गुण उलट घटतो. वैद्यकातल्या चाचण्या काटेकोरपणे पारखणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०२३ साली या विषयाचा आढावा घेतला. उपचाराच्या एखाद्या टप्प्यात प्रकाशाचा थोडा लाभ होतही असेल, पण रुग्णाच्या दृष्टीने तो कितपत मोलाचा, याची शंका आहे, असा त्याचा मथितार्थ. तार आवळल्यावर दोन-तीन दिवस जो ठणका लागतो, तो मंद लेसरने काहीसा कमी होतो, असेही काही चाचण्यांत आढळले आहे, सगळ्यांत नाही. "निम्म्या वेळात" हे वचन मात्र पत्रकातच शोभते.

डॉक्टरबाईंनी हे सगळे कन्येसमोर सांगितले, मोठ्या माणसाला सांगावे तसे. म्हणाल्या, "मी हे उपकरण वाईट म्हणत नाही. पण डिसेंबरमध्ये तुझ्या तारा निघतील, असे सांगून मी पैसे घेणार नाही." कन्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तारा आजच बसवा."

तारा बसवताना बाईंनी प्रत्येक दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटवर निळा प्रकाश टाकला. मी न राहवून म्हटले, "अहो, हा तर प्रकाश!" बाई खळखळून हसल्या. तो दिवा फक्त ब्रॅकेटखालचा डिंक पक्का करण्यासाठी असतो. हाडाशी त्याचा काही संबंध नाही. वाचकहो, एखाद्या दवाखान्यात निळा दिवा पाहून आपणही माझ्यासारखी गल्लत करू नका.

असे उपकरण कुणी सुचवले, तर तीन प्रश्न जरूर विचारा. माझ्या मुलाच्या बाबतीत नेमके किती महिने वाचतील? ते कशावरून? आणि वाचले नाहीत तर पैशांचे काय? उत्तर सरळ आले तर पुढे जा. आणि लक्षात असू द्या, तारा निघाल्या तरी प्रकरण संपत नाही. नवे हाड भरून पक्के व्हायला वेळ लागतो आणि दातांना जुन्या घराची ओढ असते. म्हणून नंतर रिटेनर लावावाच लागतो. ज्यांनी तो कपाटात ठेवला, त्यांचे दात हळूहळू पुन्हा वाकडे झालेले मी पाहिले आहेत.

डिसेंबरमध्ये नाटक झाले. कन्या तारांसकट रंगमंचावर उभी राहिली. तिसऱ्या प्रवेशात तिला मोठ्याने हसायचे होते. माझा जीव टांगणीला लागला. ती हसली, आणि दिव्यांच्या झोतात तारा लखकन चमकल्या. हात तोंडाकडे गेला नाही. शेजारी सासूबाईही हसत होत्या, आणि त्यांचा पदर खांद्यावरच होता.

यंदाची दिवाळी ही तारांची दुसरी दिवाळी. सुळे आता रांगेत आले आहेत. अजून तीन-चार महिने लागतील, असे डॉक्टरबाई म्हणतात. कडक पदार्थांना मनाई आहे. गेल्या वर्षी सासूबाईंनी नातीसाठी चकल्या खलबत्त्यात कुटून दह्यात कालवून दिल्या होत्या. यंदाही खलबत्ता धुऊन तयार आहे.