नंदबाबूंचे फैजपूर

जळगावास उतरून अजिंठ्याकडे जाणाऱ्या मंडळींची संख्या थोडी नाही. सुट्टीत मुलेबाळे, फराळाचे डबे आणि पाण्याची भांडी बरोबर घेऊन आपली कुटुंबे लेणी पाहून येतात, आणि एक कर्तव्य पार पडल्याच्या समाधानाने घरी परततात. त्याच जळगावाहून ईशान्येस, भुसावळ आणि तापी ओलांडून गेले म्हणजे केळीच्या बागांच्या मुलखात फैजपूर लागते. तेथे कलेसाठी म्हणून कोणी जात नाही. आणि खरे सांगावयाचे तर त्या दृष्टीने तेथे आता पाहावयास काही उरलेलेही नाही. तथापि १९३६ च्या डिसेंबरात या गावी जे प्रदर्शन उभे राहिले त्याचे अजिंठ्याशी जवळचे नाते होते, ही गोष्ट आम्हा खानदेशकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल.

राष्ट्रीय सभेचे खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. नगरास टिळकनगर असे नाव दिलेले. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांच्यासारख्यांनी त्यासाठी जे कष्ट उपसले ते सर्वश्रुत आहेत. येथे आपणांस सभेतील ठरावांशी कर्तव्य नाही. ज्या मंडपात ते झाले त्याच्याशी आहे. हे नगर आणि त्यातील ग्रामोद्योगांचे प्रदर्शन यांची मांडणी गांधीजींनी शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बसू यांजवर सोपविली होती, आणि बांधणीच्या कामी म्हात्रे हे त्यांचे साह्यकारी होते. अट एकच, की शहरातून आणलेला थाट नको. खेड्यात जे मिळते त्यातूनच सर्व उभे राहिले पाहिजे.

नंदबाबू हे चित्रकार, नगररचनाकार नव्हेत. परंतु त्यांची निवड किती योग्य होती हे कळण्यास सुमारे सत्तावीस वर्षे मागे जावे लागते. १९०९ च्या हिवाळ्यात हेरिंगहॅम नावाच्या एक इंग्रज विदुषी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी आल्या. त्यांच्या हाताखाली काम करण्यास जे तरुण भारतीय चित्रकार आले त्यांत असितकुमार हलदार, व्यंकटप्पा यांच्याबरोबर नंदबाबूही होते. अंधाऱ्या लेण्यात दिवसचे दिवस एकेका रेषेमागून रेषा ओढणे म्हणजे केवढी तपश्चर्या! जो मनुष्य नक्कल करतो त्यास चित्र नुसते पाहणाऱ्याहून पुष्कळ अधिक दिसते. तेथे बोधिसत्त्वाइतक्याच आस्थेने आरशात पाहून शृंगार करणारी स्त्री रंगविलेली आहे, झुंजणारे बैल आहेत, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात झोक्यावर बसलेली इरंदती आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरास देवघर आणि माजघर ही दोन वेगळी जगे वाटली नाहीत.

१९३६ च्या वसंतात लखनौच्या अधिवेशनासाठी नंदबाबूंनी आपल्या विद्यार्थ्यांसह जे प्रदर्शन सजविले, त्यात भारतीय चित्रकलेची परंपरा लोकांपुढे मांडली होती. तेथे इतिहास भिंतीवर लावलेला होता. फैजपुरास त्यांनी धाडसाचे पाऊल टाकले: भिंतच कलेची केली. बांबू, गवत, चटया हीच सामग्री. दारे, कमानी, मंडप सर्व तीतूनच. अध्यक्षांस आणावयाच्या रथास मोटार नव्हे, सहा बैलजोड्या जुंपलेल्या होत्या. पोळ्यास बैलांना सजविणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास त्यात परके काय वाटणार? तो म्हणाला असेल, हे तर आमचेच.

२५ डिसेंबर रोजी प्रदर्शन उघडताना गांधीजींनी रचनेचे श्रेय म्हात्रे आणि नंदबाबू यांस दिले. आपणांस कलेची जाण आहे, पण ती साकार करणारे हात देवाने दिलेले नाहीत, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. प्रदर्शन हा तमाशा नव्हे, ती शिकण्याची शाळा आहे, असेही त्यांनी बजावले. मला येथे किंचित मतभेद नोंदवावासा वाटतो. नुसत्या शाळेस इतके देखणे दार लागत नाही! चित्रकाराने शिक्षकापेक्षा काही अधिक दिले, आणि महात्माजींनाही ते पुरते उमगले असावे. एरवी त्यांनी पुढच्याही अधिवेशनास नंदबाबूंनाच का बोलाविले असते?

आता घरची गोष्ट सांगतो. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या ओसरीवरचा सागवानी झोपाळा उतरवून जिन्याखाली गेला, कारण तेथे सोफा यावयाचा होता. सोफ्यावरची भिंत मोकळी दिसू लागली म्हणून चिरंजीवांनी अजिंठ्याच्या एका चित्राची सुबक तसबीर आणली. ती नेमकी इरंदतीची निघाली. मोठ्या काकू क्षणभर तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भिंतीवरची बाई झोक्यावर बसलेली चालते, मी बसलेली तेवढी अडचण होते होय?" कोणास उत्तर सुचले नाही. सुशिक्षित घरांत हल्ली कलेची आवड वाढली आहे खरी, पण ती तसबिरीच्या चौकटीत मावेल तेवढीच. सूप, पाट, रांगोळीचा डबा, उखळ यांची रवानगी माळ्यावर होते, आणि मग तशाच वस्तू शहरातील दुकानात दसपट किंमत देऊन आपण शोभेकरिता विकत घेतो.

पुढचे अधिवेशन १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेत हरिपुऱ्यास भरले. तेही तापीच्याच काठी. तत्पूर्वी नंदबाबू तेथील खेडुतांची रेखाटने करीत हिंडले, आणि मग हातकागदावर मातीच्या रंगांनी त्यांनी चित्रांची एक मालिकाच काढली: शिंपी, चांभार, ढोलवाला, मल्ल, बैल, लेकरास घेतलेली माता. अजिंठ्याची लयदार रेषा आणि बंगालच्या पटचित्रांचा ठसठशीतपणा त्यांत एकत्र आला आहे, आणि बसली आहेत मात्र सगळी तुमच्याआमच्या दारावरून जाणारी माणसे. ही चित्रे मंडपांच्या बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडतील अशी लावलेली होती. त्यांतील बरीचशी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आता सुखरूप आहेत.

फैजपूरच्या वाट्यास तेवढेही भाग्य आले नाही. अधिवेशन आटोपताच दोर सुटले, गवत उतरले. बांबूचे पुढे काय झाले कोण सांगणार? कोणाच्या गोठ्यास लागले असतील, कोणाच्या केळीस टेकू म्हणून गेले असतील. नंदबाबूंस त्याचे फारसे दुःख झाले असेल असे मला वाटत नाही.