परतणारी रानबदके : निरीक्षण व छायाचित्रण

हिवाळ्यात गावतळ्यावर, पाझर तलावावर अथवा धरणाच्या फुगवट्यावर उतरणारी रानबदके हे परिसर-अभ्यासाचे उत्तम साधन होय. यांतील बहुतेक पाहुण्या जाती थंडीच्या आरंभी येतात व साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उत्तरेकडे परततात. तलवार बदक, थापट्या व भुवई बदक यांची वीण मध्य आशिया, सायबेरिया इत्यादी प्रदेशांत होते. चक्रवाकाची वीण लडाख व तिबेटच्या पठारावरही होते. हळदी-कुंकू बदक व अडई मात्र येथेच वीण करतात. म्हणून सर्वच बदके परदेशी पाहुणी असतात, असे मुलांस सांगू नये.

निरीक्षणास परतीचा काळ अधिक सोयीचा असतो. विणीनंतर नरांची रंगीत पिसे झडतात व ते काही महिने मादीसारखे मळकट दिसतात. नवी पिसे पूर्ण आली म्हणजे थापट्याचे हिरवे डोके, तलवार बदकाची अणकुचीदार शेपटी व भुवई बदकाची पांढरी भुवई ही चिन्हे लहान मुलांसही ओळखता येतात. चरण्याची रीतही पाहावी. उथळ पाण्यात डोके बुडवून व शेपटी वर करून चरणारी बदके पाण्यावरून थेट वर उठतात. लालसरीसारखी बुडी मारणारी बदके उडण्यापूर्वी पाण्यावर धावतात.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ निर्माण झाली. रामसर यादीत समाविष्ट झालेले हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय. माणसाने अडविलेले पाणीही पक्ष्यांचा आधार होते, हे यावरून ध्यानी येईल.

छायाचित्र घेताना एक गोष्ट विसरू नये. परतीपूर्वी बदके भरपूर चरून अंगात चरबी साठवितात. दूरच्या प्रवासात तीच त्यांची शिदोरी असते. आपण जवळ गेल्याने थवा उडाला, तर चरण्याचा वेळ जातो व साठविलेली शक्ती व्यर्थ खर्च होते. पक्षी माना उंचावून एकत्र सरकू लागले की तेथेच थांबावे व हळूच मागे यावे. छायाचित्रासाठी थवा मुद्दाम उडविणे सर्वथा वर्ज्य समजावे.

सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून, बांधाच्या अथवा बाभळीच्या आडोशाने बसावे. मुलांना गाळात वा पाण्यात उतरू देऊ नये. दुर्बिणीच्या भिंगास मोबाईल लावून घेतलेले साधे छायाचित्रही जात ओळखण्यास पुष्कळदा पुरते. थव्याचे चित्र वर्गात दाखवून प्रथम दहा पक्ष्यांचा गट मोजावा व त्यावरून एकूण संख्येचा अंदाज काढावा. गणिताचाही पाठ त्यातच होतो. पायात कडे असलेला पक्षी दिसल्यास त्यावरील अक्षरे व अंक टिपून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीस कळवावे.

शाळेत एक वही ठेवून तारीख, जात, संख्या व पाण्याची स्थिती नोंदवावी. प्रत्येक जात शेवटची कोणत्या दिवशी दिसली, हे त्यात अवश्य असावे. पाच-सहा वर्षांच्या अशा नोंदी जुळल्या म्हणजे आपल्या तळ्याचा इतिहास मुलांच्याच हस्ताक्षरात सिद्ध होईल.